तिसऱ्या गाठीची सावली

दुकानातून,
३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. तुझ्या त्या प्रशिक्षण केंद्रात पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही, आणि गुडघे टाकीवर चढू देत नाहीत, म्हणून हे पत्र. तसंही तुला काही विचारायचं तर ते पत्रानंच विचारावं. फोनवर तुला फळा मिळत नाही, आणि फळ्यावाचून तू अर्धीच असतेस. आई आमच्यापाशी तुझा उल्लेख ‘फळामावशी’ असाच करायची, हे तुला ठाऊक आहेच.

मुद्द्यावर येते. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या आरशाला फ्रेम बसवली. आरसा भिंतीला टेकवून तो सरळ दिसतो का हे पाहत पाणी पीत होते, तर घोटासरशी माझ्या गळ्यात डाव्या बाजूला काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. काचेत दोष असेल म्हणून दुसऱ्या आरशात पाहिलं. दोष काचेत नव्हता.

डॉक्टरांनी गळ्याची सोनोग्राफी करून घेतली. थायरॉइडमध्ये गाठी आहेत, आणि एक नाही, तीन. रक्ताची तपासणी ठीक आली. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका. सोनोग्राफीचा अहवाल नीट पाहून कोणत्या गाठीत सुई घालून तपासायचं ते ठरवू. कदाचित एकीतही नाही.” मी म्हटलं, “त्यापेक्षा सगळी ग्रंथीच काढून टाकली तर?” ते म्हणाले, “ते शेवटचं पाऊल असतं. पण तुम्ही ठरवूनच आला असाल, तर शल्यवैद्यांशी बोलून घ्या.” मी महिनाअखेरची वेळ घेऊन ठेवली आहे.

सुतारबुवांचं मत तुला न विचारताच सांगते. “फळीत एक गाठ असली तर जमवून घेता येतं,” हे म्हणाले, “तीन असल्या तर फळीच बदलावी.” लाकूडकाम करणाऱ्या नवऱ्याकडून याहून वेगळं काय ऐकायला मिळणार? सगळं कापून सुटतं अशी त्यांची श्रद्धा.

बाबांना मात्र कळू दिलेलं नाही. त्यांची दृष्टी गेल्यापासून संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, शब्दकोड्यासकट. गळ्याच्या ऑपरेशननं आवाज बसतो असं शेजारणीनं सांगितलं, तेव्हापासून माझं वाचनात लक्ष नाही. माझा आवाज गेला तर त्यांचे डोळे दुसऱ्यांदा जातील. आणि ग्रंथी ठेवली, आणि त्या तिघींतली एखादी वाईट निघाली, तर? मावशी, ठेवू की काढू?

तुझी,
मोजपट्टी

*

प्रशिक्षण केंद्र,
८ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशी म्हणून, आणि दुसऱ्यांदा गेली कित्येक वर्षं सोनोग्राफी शिकवणारी बाई म्हणून. मावशी घाबरली. बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसली, कारण तू विचारलेला प्रश्न आमच्या शास्त्रातल्या अत्यंत सुंदर प्रश्नांपैकी एक आहे.

तुझा प्रश्न थोडा दुरुस्त करते. ‘ठेवू की काढू’ हा प्रश्न अजून आलेलाच नाही. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, ‘सुई कुणाला?’ थायरॉइडमध्ये गाठी असणं इतकं सामान्य आहे, की उद्या तुझ्या दुकानावरून जाणाऱ्या सगळ्या प्रौढ बायकांच्या गळ्यावर मी सोनोग्राफीचा प्रोब फिरवला, तर कितीतरी जणींत एखादी तरी सापडेल आणि त्या बिचाऱ्यांना तिचा पत्ताही नसेल. यांतल्या बहुतेक निरुपद्रवी. थोड्या वाईट. सगळ्यांत सुई घालणं हा उपाय नव्हे. सुई बारीक असते, रक्त घेताना दुखतं त्याहून फारसं दुखत नाही. पण कधीकधी तिचं उत्तर ‘सांगता येत नाही’ असं येतं, आणि त्या एका वाक्यावर माणसं ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतात. म्हणून गरज नसलेला प्रश्न गाठीला विचारू नये.

गरज आहे हे ओळखायचं कसं? ऐकून. सोनोग्राफी म्हणजे आवाजच. प्रोब त्वचेवर ठेवायचा, तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत पाठवतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनींचं चित्र काढतो. त्या चित्रात आम्ही पाच गोष्टी पाहतो आणि प्रत्येकीला गुण देतो. शाळेच्या उलट, इथे शून्य मिळवणारी हुशार.

पहिली, गाठ कशाची बनली आहे? नुसत्या पाण्याची किंवा स्पंजासारखी बारीक भोकाभोकांची असली तर शून्य. सगळी भरीव असली तर दोन. दुसरी, रंग. भोवतालच्या ग्रंथीइतकी उजळ असली तर एक, तिच्याहून काळसर असली तर दोन, अगदी काळी असली तर तीन. तिसरी, कड. तुझ्या पट्टीनं कापल्यासारखी गुळगुळीत असली तर शून्य. शिकाऊ हातानं कापल्यासारखी ओबडधोबड असली तर दोन. चौथी, आतले चमकते ठिपके. पिठाच्या कणांसारखे बारीक असले तर तीन गुण, आणि ते मला मुळीच आवडत नाहीत. चुन्याचा एखादा जाडसा खडा असला तर एकच.

पाचवी गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवते. ती या सगळ्यांत देखणी आहे, आणि ती चित्र समोर ठेवून सांगण्यात जी मजा आहे ती नुसत्या शब्दांत नाही.

मग बेरीज. बेरजेवरून गाठीचा वर्ग ठरतो, आणि वर्गावरून ठरतं की ती केवढी झाली म्हणजे सुई घालायची. सगळ्यांत संशयास्पद वर्गाला एक सेंटीमीटर पुरे. त्याच्या खालच्या वर्गाला दीड. त्याच्याही खालच्याला अडीच. शून्यवालीला कितीही वाढू दे, तपासणीसाठी म्हणून सुई नाही. निरनिराळ्या ठिकाणी कोष्टकं थोडी निराळी असतात, पण विचार हाच. लक्षात आलं ना, इथे मोजपट्टी शेवटी येते? आधी रूप, मग माप.

आवाजाबद्दल शेजारणीचं ऐकू नकोस. आवाजाची नस ग्रंथीच्या पाठीमागून जाते हे खरं, आणि चांगले शल्यवैद्य तिला जपतात हेही खरं. पण कारण नसताना तिच्या वाटेला जाऊ नये, आणि ग्रंथी गेली की रोजची गोळी जन्माची. तुझ्या सुतारबुवांना सांग, फळी बदलण्याआधी गाठ कोणत्या जातीची ते पाहायचं असतं, हे त्यांनाच जास्त ठाऊक असायला हवं.

अहवाल आणि चित्रं मला पाठव. लवकर पाठव, मला धीर नाही.

तुझी,
मावशी

*

दुकानातून,
१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं आणि पहिल्यांदाच जेवण नीट गेलं. सुतारबुवांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘गाठ कोणत्या जातीची’ या वाक्याला ते थांबले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “तुझी मावशी सुतार व्हायला हवी होती.” त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

चित्रं पाठवते आहे. अहवालाचा कागद डॉक्टरांकडेच आहे, पण मापं मी विचारून टिपून घेतली. पहिली गाठ सगळ्यांत मोठी, तीस मिलिमीटर, घोटाबरोबर वरखाली करते ती हीच. दुसरी अठरा. तिसरी चौदा, ती उजव्या बाजूला आहे.

पार्सल जड का, असं म्हणशील. ते चकचकीत कागद गुंडाळी होऊन बसत होते, कडांना काळे पट्टे, त्यांत आकडे, रेघोट्या. अशी चित्रं तुझ्यासारख्या माणसाला पाठवायची मला लाज वाटली. म्हणून कडा छाटून तिन्ही गाठी एका मापाच्या तीन उभ्या खिडक्यांत बसवल्या, पांढऱ्या पुठ्ठ्याचं माउंट लावलं आणि वर काच घातली. एक चित्र जरा आडमुठेपणा करत होतं, पण बसवलं. आता भिंतीवर शोभतील. सुतारबुवांनी पट्टी सागाची लावली आहे, तुझ्या मानाला शोभेलशी.

बाबा परवा मध्येच म्हणाले, “तू हल्ली वाक्य संपलं की थांबतेस. पूर्णविराम इतका मोठा नसतो.” मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय.

पाचव्या गोष्टीची वाट पाहते आहे.

तुझी,
मोजपट्टी

*

प्रशिक्षण केंद्र,
१८ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

फ्रेम सुखरूप मिळाली. काम सुबक आहे.

पहिली गाठ स्पंजासारखी आहे, दुसरी पाण्याची. दोघींनाही शून्य. त्यांची काळजी सोड.

तिसरीत मात्र सुई घालून घे. तिचे गुण अधिक भरतात आणि माप सेंटीमीटरच्या वर आहे. उशीर करू नकोस. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा अहवाल त्यांच्याकडून समजावून घे.

स्वतःला जप.

तुझी,
मावशी

*

दुकानातून,
२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र एका पानाचं आलं. पान कसलं, अर्ध्या पानाचं.

तू साधं आमंत्रणाचं उत्तर लिहिलंस तरी ते चार पानांचं असतं. माझ्या आठव्या वाढदिवसाला शुभेच्छापत्रात तू इंद्रधनुष्य का दिसतं ते आकृतीसह लिहिलं होतंस. तीच तू, ‘काम सुबक आहे’ म्हणून थांबतेस? मला वाचता येतं, मावशी. लिहिलेलंही आणि गाळलेलंही.

डॉक्टर अहवालाचं काही न सांगताच परगावी गेले आहेत, पुढच्या सोमवारी येतील. मी त्यांच्यासाठी थांबणार नाही. शल्यवैद्यांची वेळ गुरुवारची आहे. त्यांना मी सांगणार आहे, की सुई नको, वाट पाहणं नको, सगळंच काढा. ज्या गाठीबद्दल माझ्या मावशीला चार ओळी लिहवत नाहीत, ती गाठ मला गळ्यात नको.

काल संध्याकाळी बाबांना वाचून दाखवत होते. शब्दकोड्यात आलं, ‘गळ्यातला दागिना, दोन अक्षरी.’ माझ्यानं पुढे वाचवेना. ते म्हणाले, “आता सांगतेस की मी मावशीला विचारू?” मग सगळं सांगितलं. बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग म्हणाले, “हार.” मी म्हटलं, “मी हरले नाही, बाबा.” ते म्हणाले, “कोड्याचं उत्तर सांगतोय. लिही.”

त्यांनी तुला एक निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहिते: “मेहुणीला म्हणावं, तू पाचवी गोष्ट सांगणार होतीस. सांगितली नाहीस. का?”

का, मावशी? काय आहे ती पाचवी गोष्ट?

तुझी,
मोजपट्टी

*

प्रशिक्षण केंद्र,
२५ फेब्रुवारी, सकाळी

प्रिय मोजपट्टी,

भावोजींनी मला बरोबर पकडलं. मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या शिक्षिकेनं सगळ्यात वाईट गोष्ट केली, फळा पुसला. तुला धक्का बसू नये म्हणून कारण गाळलं. पण कारण गाळलं की उरते ती नुसती भीती, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले आहे. तेव्हा आता पूर्ण सांगते, क्रमानं सांगते आणि आकृती काढून सांगते.

पाचवी गोष्ट म्हणजे गाठीची ठेवण. ती आडवी पसरली आहे की उभी राहिली आहे? ग्रंथीला तिचे स्वतःचे थर असतात, त्वचेला समांतर. साधी गाठ त्या थरांचा मान राखते, जागा होईल तशी आडवी वाढते. पण जी गाठ थर ओलांडून त्वचेपासून आतल्या दिशेनं वाढते, म्हणजे रुंदीपेक्षा उंच होते, ती कुणाचं ऐकत नाही. म्हणून उभ्या गाठीला एकदम तीन गुण.

तुझी तिसरी गाठ भरीव, तिचे दोन. काळसर, त्याचे दोन. आत चुन्याचा जाड खडा, त्याचा एक. कड गुळगुळीत, शून्य. इथवर पाच. पाच गुणांच्या गाठीला सुई लागते ती दीड सेंटीमीटरपासून, आणि तुझी चौदा मिलिमीटर, म्हणजे सुई नको, वर्षानं पुन्हा पाहायचं. पण ती उभी आहे. पाच आणि तीन आठ. सातपासून पुढे सगळ्यांत संशयास्पद वर्ग, आणि तिथे एक सेंटीमीटर पुरे. सगळं त्या तीन गुणांवर फिरलं, आणि म्हणून माझं पत्र अर्ध्या पानात संपलं.

उभी म्हणजे काय ते आकृतीत पाहा. ही वरची रेघ म्हणजे त्वचा. तिच्यावर प्रोब. प्रोबमधून आवाज खाली जातो, बाण काढला आहे. ही गाठ. हा तिच्यातला चुन्याचा खडा. आवाज खड्यातून पुढे जात नाही, म्हणून खड्याच्या मागे काळी सावली पडते. उन्हात खांबाची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते, तशीच ही प्रोबच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे चित्रात कायम खाली. पाण्याच्या गाठीचं उलट. पाण्यातून आवाज सहज जातो, म्हणून तिच्या खाली उजेडाचा पट्टा दिसतो. तोही खालीच. सावली असो की उजेड, सोनोग्राफीच्या चित्रात दोघांनाही एकच दिशा माहीत असते. पडताळा पाहायचा तर तुझीच फ्रेम समोर आहे. दुसऱ्या गाठीचा उजेड बघ, सरळ खाली. आणि तिसरीच्या खड्याची सावली

थांब.

तिसरीच्या खड्याची सावली डावीकडे पडली आहे.

डावीकडे सावली पडूच शकत नाही. तो काळा पट्टा मी पहिल्या दिवशीच पाहिला होता, आणि शेजारी श्वासनलिका असते तिचा असेल असं गृहीत धरून पुढे गेले होते. पण श्वासनलिकेचा पट्टा खड्यापासून सुरू कसा होईल? हा खड्यापासूनच सुरू होतो. मी फ्रेम हातात घेतली. ती फिरवली. सावली खाली आली आणि गाठ आडवी झाली.

‘एक चित्र जरा आडमुठेपणा करत होतं, पण बसवलं.’ मोजपट्टी, तू ते उभ्या खिडकीत बसावं म्हणून फिरवलंस का? त्वचेची रेघ, आकडे, खुणा, सगळं कडेला होतं आणि कडा तू छाटल्यास. आणि कड छाटू नकोस हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, कारण पाचवी गोष्ट मी मजेसाठी राखून ठेवली होती.

आज बुधवार. तुझी वेळ उद्याची. हे पत्र उद्या तुला मिळणार नाही. मी टाकीवर निघाले आहे.

*

दुकानातून,
४ मार्च

प्रिय मावशी,

आधी गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझा फोन आला तेव्हा मी कटरनं माउंट कापत होते. वाऱ्याचा आवाज, तुझा दम, आणि मग तू नमस्कार-चमत्कार न करता विचारलंस, “तिसरं चित्र आडवं होतं का?” मी म्हटलं, “हो, मग? तिन्ही एका रांगेत नको का दिसायला?” त्यावर तू जे हसलीस, ते सुतारबुवांना यंत्र चालू असताना दुकानाच्या मागच्या बाजूला ऐकू गेलं. ते धावत आले. “मावशी रडतायत?” मी म्हटलं, “नाही. टाकीवर आहेत.” त्यांना यातून काय कळलं कुणास ठाऊक, पण तेही हसायला लागले.

तू सांगितल्याप्रमाणे गुरुवारची वेळ रद्द केली आणि सोमवारची वाट पाहिली. डॉक्टरांनी आमच्या चुकीची हकीकत शेवटपर्यंत ऐकली. म्हणाले, “तुमच्या मावशींवरही विसंबायचं नाही आणि माझ्यावरही; पुन्हा बघू.” सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. मी विचारलं, “वर त्वचा ना?” त्या म्हणाल्या, “तुम्हाला कसं माहीत?” आणि तिथे ती होती, मावशी. आडवी, निवांत, उशीला टेकून पडल्यासारखी. खड्याची सावली सरळ खाली. जुन्या अहवालातही ‘रुंदी उंचीपेक्षा जास्त’ असं स्वच्छ लिहिलेलं निघालं. पाच गुण, चौदा मिलिमीटर. सुई नाही. वर्षानं परत यायचं. डॉक्टर म्हणाले, “वर्षानं मात्र यायचंच. आडवी म्हणजे निर्दोष असं नाही, सध्या फक्त लक्ष ठेवण्यासारखी.”

मी मोजपट्टी म्हणवून घेते. सगळ्या जन्मात चित्र फिरवताना ‘याची वरची बाजू कोणती’ हे मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कधी पुढे गेले नाही. माझ्याच गळ्याचं चित्र होतं, म्हणून विचारायला कुणी नव्हतं.

बाबांना तुझं ते अर्धवट तुटलेलं पत्र वाचून दाखवलं. ‘थांब’ या शब्दाशी मी खरोखर थांबले, तर ते ओरडले, “आता नको थांबूस, वाच.” मग दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, “या बाईनं हिशेबाच्या मध्ये चूक पकडली, कारण ती हिशेब मोठ्यानं करते.”

शब्दकोडं रोज होतं. पूर्णविराम योग्य मापाचे पडतात.

तुझी,
मोजपट्टी

*

दुकानातून,
६ मार्च, पुढच्या वर्षी

प्रिय मावशी,

सोबत यंदाचं चित्र. फ्रेम नाही, माउंट नाही, काच नाही. चकचकीत कागद आहे तसा, काळ्या पट्ट्यासकट, आकड्यांसकट, गुंडाळी होऊ नये म्हणून नुसत्या पुठ्ठ्यावर ठेवला आहे. मागे पेन्सिलनं बाण काढून ‘वर’ असं लिहिलं आहे. सुतारबुवा म्हणाले, दोन बाण काढ, म्हातारी आहे.

तिसरी गाठ चौदा मिलिमीटर. तसूभर हलली नाही. आता पुढची तपासणी कधी, ते डॉक्टरांनी नेमून दिलं आहे. बाबांना अहवाल वाचून दाखवला, तर म्हणाले, “आवाज छान लागलाय. आता अग्रलेख वाच.”

तुझी,
मोजपट्टी

*

प्रशिक्षण केंद्र,
११ मार्च

प्रिय मोजपट्टी,

चित्र पाहिलं. बाण पाहिला. सुतारबुवांना सांग, एक पुरला.

जुनी फ्रेम परत मागू नकोस. ती वर्गात फळ्याशेजारी टांगली आहे, तशीच, तिसरी खिडकी चुकीच्या बाजूनं उभी. नवी तुकडी आली की पहिल्या तासाला मी काहीच शिकवत नाही. त्यांना फ्रेमसमोर उभं करते आणि एवढंच विचारते, “या तिघींतली खोटं कोण बोलतंय?”

सगळे गाठींकडे पाहतात. कुणी मोठीवर बोट ठेवतं, कुणी काळीवर. वाद रंगतो, मी खडू हातात घेऊन गप्प उभी राहते, आणि गप्प राहणं मला किती जड जातं हे तुला ठाऊक आहे. मग कुणीतरी पुढे होतं, काचेशी नाक नेतं आणि हळूच म्हणतं, “बाई, ही सावली चुकीच्या बाजूला पडलीये.”

मग मी फळ्याकडे वळते.

तुझी,
फळामावशी